खवाट्याचं हाड जुळलंच नव्हतं: नऊ महिन्यांनी लागलेला पत्ता आणि नंतरचं ऑपरेशन

खडूफळा | ४ ऑगस्ट २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझ्या खवाट्याबद्दल, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाबद्दल, बरेच दिवस लिहायचं होतं. मागच्या आठवड्यात इथेच एका ताईंनी आईच्या खांद्याबद्दल विचारलं होतं, "सगळे म्हणतात वेळ द्या, पण दुखणं वाढतंच आहे," असं. ते वाचलं आणि आज बसलोच. मीही नऊ महिने "वेळ द्या" ऐकलं आहे.

डिसेंबर २०२२. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. कराड-विटा रस्त्यावरून रात्री साडेआठला मोटरसायकलवर घरी येत होतो. उसाने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर होता. ट्रॉली दिसली तेव्हा हातात एवढंच होतं की ब्रेक दाबून गाडी आडवी घालायची. उजव्या खांद्यामागची बाजू ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आदळली. हेल्मेट होतं म्हणून हे लिहितोय.

चार बरगड्या मोडल्या, फुप्फुसाच्या बाहेर हवा साचली, छातीत नळी घालावी लागली. सहा दिवस आयसीयू. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष श्वासाकडे होतं आणि ते बरोबरच होतं. डिस्चार्ज कार्डावर खाली एक ओळ होती: उजवा स्कॅप्युला फ्रॅक्चर, स्लिंग चार आठवडे. डॉक्टर म्हणाले, खवाट्याभोवती मांसच मांस असतं, रक्तपुरवठा भरपूर, हे हाड आपोआप जुळतं. पुढे कळलं की हे खरंच आहे, बहुतेकांचं जुळतं. माझं जुळलं नाही, आणि "हे जुळतंच" या भरवशामुळे नंतर कुणी तिकडे पाहिलं नाही.

मी हायस्कूलला गणित शिकवतो. फेब्रुवारीत रुजू झालो. हात खांद्याच्या उंचीपर्यंत जायचा, त्यावर गेला की खवाट्याच्या वरच्या कडेला सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. फळ्यावर वर्तुळ काढायचा लाकडी कंपास असतो ना, तो फिरवताना खालचा अर्धा भाग नीट यायचा. वरच्या भागात हात अडकायचा, "कट्" असं काहीतरी आतून हलायचं आणि खडू निसटायचा. वर्तुळ अर्धवट राहायचं. दहावीच्या वर्गातली मुलं समजूतदार, एक जण न सांगता उठून वरचा कंस पूर्ण करायचा. त्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन मी कितीतरी वेळ काही बोलू शकलो नाही.

मग फेऱ्या सुरू झाल्या. एका ठिकाणी साधा एक्स-रे काढून "हाड ठीक आहे" म्हणाले. दुसरीकडे फ्रोझन शोल्डर (खांद्याचा सांधा जखडणं) सांगून सांध्यात इंजेक्शन दिलं, दोन आठवडे बरं वाटलं, पुन्हा तेच. घरच्यांच्या आग्रहाखातर हाडवैद्याकडे तीन वेळा तेल लावून चोळूनही घेतलं. त्याने कट्कट वाढली.

पत्ता लावला तो एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. त्यांनी मला शर्ट काढून पाठमोरं उभं केलं, दोन्ही हात सावकाश वर घ्यायला सांगितले आणि मागून नुसतं पाहत राहिल्या. मग खवाट्यावर जो आडवा कंगोरा असतो (पाठीकडे हात नेलात की बोटांना लागतो तो), त्यावरून अंगठा दाबत दाबत बाहेरच्या बाजूला नेला. एका जागी मी ओरडलो. त्यांनी तिथेच अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "आता हात वर घ्या." दोघांनाही कळलं, अंगठ्याखाली हाड हलत होतं. त्यांनी व्यायाम तिथल्या तिथे थांबवले आणि सीटी स्कॅन करून मोठ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सीटी झाला. खवाट्याच्या पसरट भागातली चीर जुळून गेली होती. कंगोऱ्यातली, म्हणजे ज्याला स्कॅप्युलर स्पाइन म्हणतात तिथली, तशीच उघडी होती. डॉक्टरांनी संगणकावर थ्रीडी चित्र फिरवून दाखवलं. तुटलेली दोन्ही टोकं गोलसर, गुळगुळीत झाली होती, नदीतल्या गोट्यासारखी. "हाडाने प्रयत्न सोडून दिलाय," डॉक्टर म्हणाले. याला नॉनयुनियन म्हणतात.

रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. आणि एक गोष्ट मला सांगायलाच हवी: मी तंबाखू खायचो. दिवसाला दोन पुड्या. आधी कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. या डॉक्टरांनी विचारलं, आणि स्पष्ट सांगितलं की तंबाखू बंद होऊन सहा आठवडे झाल्याशिवाय तारीख देणार नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाला जुळायला रक्तच लागतं. मी सोडली. पहिले दहा दिवस फार जड गेले.

ऑपरेशन दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झालं. पूर्ण भूल, डाव्या कुशीवर झोपवून. साधारण तीन तास लागले. कंगोऱ्यावरून आडवा छेद घेतला. दोन टोकांमधलं चिवट, पांढरट मांस खरवडून काढलं, हाडाची टोकं ताजं रक्त येईपर्यंत साफ केली, कमरेच्या हाडातून काढलेला हाडाचा चुरा आणि तुकडे मधे भरले आणि दोन प्लेटा बसवल्या, एक वरून आणि एक मागून. खरवडलेल्या मांसाचे नमुने जंतुसंसर्ग तपासायला पाठवले, ते निर्धोक आले.

खांद्यापेक्षा पहिले चार दिवस कंबर जास्त दुखली, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहितो. खोकला आला की कमरेवर हात दाबून धरायचा. चौथ्या दिवशी घरी सोडलं.

सहा आठवडे झोळी. आंघोळीला बायको आणि शर्टाची बटणं लावायला मुलगी. दुसऱ्या दिवसापासून वाकून हात लोलकासारखा हलवणं, पण स्वतःच्या ताकदीने वर उचलायचा नाही. सहा आठवड्यांनी एक्स-रे पाहून हात उचलायला परवानगी. एप्रिलमध्ये पुन्हा सीटी केला, त्यात हाडाचा पूल दोन्ही टोकांत धरलेला दिसला.

जूनमध्ये शाळा उघडली. नववी ब. वर्तुळ काढलं, पूर्ण.

हात अजून डाव्याइतका वर जात नाही, शेवटची थोडी चढण राहिली आहे. प्लेट कातडीखाली हाताला लागते, पाठीवर सॅक घेतली की पट्टा तिथेच घासतो. पण ती कळ गेली. प्रश्न असतील तर विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगेन.

---

इंद्रायणीकाठ | ४ ऑगस्ट, रात्री १०.१५

सर, ती मीच. मनापासून आभार, एवढं सविस्तर लिहिलंत.

आईचं थोडं वेगळं आहे. वय ७२. खांद्याचा सांधा झिजला होता आणि आतले स्नायू फाटले होते म्हणून मार्चमध्ये सांधा बदलला, रिव्हर्स प्रकारचा. तीन महिने सुरेख चाललं होतं, स्वतः अंबाडा घालायला लागली होती. जूनच्या शेवटी एका सकाळी पडद्याची दोरी ओढताना खांद्याच्या वर मागे कळ आली, तेव्हापासून हात उचलवत नाही. ती पडलेली नाही, कुठे आपटलेलीही नाही. एक्स-रेमध्ये सांधा जागेवर आहे म्हणतात. तरी मग दुखतंय काय?

---

स्थिरहस्त | ५ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मी अस्थिरोग शल्यचिकित्सक आहे, इथे बहुधा वाचनमात्र असतो. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. पेशंटला न तपासता निदान करता येत नाही, हे गृहीत धरून वाचा.

इंद्रायणीकाठ, आधी तुमच्या आईंबद्दल. रिव्हर्स सांध्यात रचना उलटी केलेली असते. नैसर्गिक सांध्यात गोळा दंडाच्या हाडाला आणि वाटी खवाट्याला असते. इथे गोळा खवाट्यावर आणि वाटी दंडावर बसवतात. त्यामुळे हात उचलण्याचं जवळजवळ सगळं काम खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूवर येतं. तो स्नायू उगवतो कुठून? खवाट्याच्या त्याच कंगोऱ्यावरून आणि त्याच्या टोकाच्या ॲक्रोमियनवरून (पुढचा काही भाग गळ्याच्या हाडावरून). हाडं ठिसूळ असतील तर या वाढलेल्या ओढीने तिथे न पडता, न आपटता तडा जाऊ शकतो. वयस्क स्त्रियांत हे आम्ही पाहतो. साध्या एक्स-रेमध्ये हा तडा सुटून जाणं अगदी सहज शक्य आहे, कारण तिथे धातू, बरगड्या आणि खवाटा एकमेकांवर दिसतात. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा आणि "ॲक्रोमियन किंवा स्पाइनला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे का, सीटी करायचा का" एवढं नेमकं विचारा.

आता खडूफळा सरांच्या अनुभवाबद्दल. सर, तुमच्या पहिल्या डॉक्टरांची गृहीतं चुकीची नव्हती. सगळ्या हाडमोडींत खवाट्याची मोड शंभरात एकही भरत नाही. हे हाड मोडायला जोराचा आघात लागतो, म्हणून सोबत बरगड्या, फुप्फुस, डोकं, गळ्याचं हाड यांना बहुतेक वेळा इजा असते आणि जीव वाचवण्यात खवाटा मागे पडतो. त्यावर सतरा स्नायू जोडलेले आहेत. बहुतेक पेशंट झोळीत हात ठेवून आणि लवकर हालचाल सुरू करून उत्तम बरे होतात.

पण खवाटा म्हणजे सगळीकडे सारखं हाड नव्हे. धान्य पाखडायचं सूप डोळ्यांसमोर आणा. मधला भाग इतका पातळ की हाडाचा नमुना उजेडासमोर धरला तर आरपार उजेड दिसतो, आणि कडा मात्र जाड. पसरट भाग स्नायूंच्या दोन थरांत सँडविचसारखा धरलेला असतो म्हणून जुळतो. कंगोरा आणि ॲक्रोमियनचं तसं नाही. वरून ट्रॅपिझियस हा मानेपासून पाठीपर्यंतचा स्नायू ओढतो, खालून डेल्टॉइड ओढतो. हात उचलण्याच्या प्रत्येक प्रयत्नात तडा थोडा उघडतो. सरांच्या बाबतीत पसरट भाग जुळला आणि कंगोरा राहिला, ते याच हिशोबाने.

---

वऱ्हाडी_माणूस | ५ ऑगस्ट, सकाळी ११.३०

डॉक्टरसाहेब, एक शंका आहे. माझ्या लहान भावाचा खवाटा २०१९ ला ट्रॅक्टर उलटून मोडला. तुकडे एकावर एक चढून वाकडे जुळले, एक्स-रे पाहून आमचीच छाती धडधडली. पण तो आज कापसाच्या गाठी उचलतो, काही तक्रार नाही. गावातल्या एकाने सांगून ठेवलं की हे पुढे त्रास देईल, आत्ताच ऑपरेशन करून सरळ करून घ्या. आई घाबरून आहे. करावं का?

---

स्थिरहस्त | ५ ऑगस्ट, दुपारी २.१०

नाही. भावाला दुखत नाही, ताकद आहे, हात वर जातो, मग त्या हाडाला हात लावायचं कारण नाही. आईंना माझा निरोप सांगा की निश्चिंत राहा.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून थोडं लांबवतो. वाकडं जुळणं आणि न जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पसरट भाग वाकडा जुळला तरी खांदा बरंच सांभाळून घेतो. अगदी न जुळलेलं हाडसुद्धा, त्रास देत नसेल तर नुसतं चित्रात दिसतं म्हणून कापायचं नसतं. ऑपरेशनचा विचार तेव्हा, जेव्हा मोडीच्या नेमक्या जागी बोट ठेवल्यावर दुखतं, हात वापरला की वाढतं, आणि सीटीमध्ये त्याच जागी फट दिसते. तिन्ही गोष्टी एका जागी भेटल्या पाहिजेत. सरांच्या फिजिओथेरपिस्टनी अंगठ्याने पहिल्या दोन गाठल्या, म्हणून मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

ताज्या मोडीत मात्र काही वेळा सुरुवातीलाच ऑपरेशन करतो: सांध्याच्या वाटीत ४ मिलिमीटर किंवा जास्त पायरी पडली असेल, किंवा तुकडे २ सेंटिमीटर वा अधिक सरकले असतील, किंवा वाटीची मान (वाटीला बाकी खवाट्याशी जोडणारा निमुळता भाग) फार झुकली असेल तर. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. पेशंटचं वय, काम, इतर इजा पाहून ठरतं.

अजून एक फसवी गोष्ट. ॲक्रोमियन लहानपणी दोन-तीन तुकड्यांत असतं आणि साधारण पंचविशीपर्यंत एकजीव होतं. काही लोकांत ते जन्मभर सुटंच राहतं. असा माणूस पडला, एक्स-रे काढला, आणि तो जुना सांधा "न जुळलेली मोड" म्हणून वाचला गेला, असं होतं. कडा दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतील तर दुसऱ्या खांद्याशी ताडून पाहावं.

---

गोदाकाठचा | ५ ऑगस्ट, सायंकाळी ६.४५

आमच्याकडं चुलत्याला शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचा शॉक बसला होता. पडले बिडले नाहीत, नुसते चिकटून राहिले आणि पोरानं फ्यूज काढला. दोन दिवसांनी खांद्यामागं सूज. हार्टची तपासणी केली, ती बरोबर. एक्स-रेत खवाटा मोडलेला. मोठ्या दवाखान्यात सांगितलं की शॉकनं सगळे स्नायू एकदम इतके आवळतात की हाड मोडतं. घरात कुणाला पटना. सांगायचं कारण, शॉक बसलेला माणूस चालता-बोलता असला तरी खांदा दुखतो म्हणाला तर फोटो काढा.

सर, खर्चाचं कसं केलं तुम्ही?

---

खडूफळा | ५ ऑगस्ट, रात्री ८.३०

गोदाकाठचा, चुलत्यांचं वाचून अंगावर काटा आला. बरे आहेत ना आता?

खर्च माझा विम्यातून बऱ्यापैकी निघाला, पण कमरेचं हाड आणि प्लेटा यांचे वेगळे आकडे बिलात पाहून विमा कंपनीने दोन वेळा कागद परत पाठवले. म्हणून आधीच सांगतो. डॉक्टरांकडून एक पत्र घ्या, त्यात "जुनी न जुळलेली मोड, प्लेट आणि हाडरोपण" असं स्पष्ट लिहून घ्या, अपघाताची तारीख घाला आणि पहिलं डिस्चार्ज कार्ड जोडा. माझ्यासोबत वॉर्डमध्ये एक गवंडी दादा होते, ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करत होते. योजनेत जी रुग्णालयं आहेत तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्यांनाच विचारायचं की हे बसतं का. भरती होईपर्यंत थांबू नका.

आणि सीटीचा नुसता रिपोर्ट घेऊन फिरू नका, सीडी घेऊन जा. मला ऑपरेशन सांगणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवला आणि सीडी स्वतः पाहिली.

---

कृष्णाकाठ | ५ ऑगस्ट, रात्री १०.०५

सर, हाडवैद्यांबद्दल एका ओळीत लिहिलंत ते जरा लागलं. आमच्या आजोबांकडे पंचक्रोशीतून लोक यायचे, त्यांनी कितीतरी हात बसवले. सगळ्यांना एका मापाने मोजू नये.

---

खडूफळा | ५ ऑगस्ट, रात्री १०.४०

कृष्णाकाठ, तुमच्या आजोबांचा अनादर करायचा हेतू नव्हता, तसं वाटलं असेल तर माफ करा. माझ्या लहानपणी मनगट मोडलं होतं ते अशाच एका आजोबांनी बांबूच्या कामट्या बांधून बसवलं होतं, आजही सरळ आहे. पण मनगट हाताने चाचपता येतं. कंगोरा सोडला तर खवाटा मांसाच्या थरांखाली आणि छातीला चिकटून असतो, आत काय आहे हे बोटांना कळणं अवघड. न जुळलेल्या जागेवर तेल लावून जोराने चोळलं तर आतली टोकं एकमेकांवर घासतात. माझं तेच झालं. म्हणून एवढंच म्हणेन की चोळण्याआधी फोटो काढावा. तुमचे आजोबाही आज असते तर कदाचित हेच म्हणाले असते.

---

कृष्णाकाठ | ५ ऑगस्ट, रात्री १०.५५

पटलं सर. ते शेवटच्या काळात मोठी सूज दिसली की आधी मिरजेला पाठवायचे.

---

पाऊलवाट | ६ ऑगस्ट, सकाळी ९.२०

मी फिजिओथेरपिस्ट, १४ वर्षं काम करते आहे. सरांनी आमच्या व्यवसायातल्या ताईंचं ज्या प्रेमाने लिहिलंय ते वाचून डोळे भरले.

खवाटा कसा पाहायचा ते घरच्यांनाही जमतं, म्हणून लिहिते. माणसाला पाठमोरं उभं करा, पाठ उघडी, उजेड चांगला. दोन्ही हात बाजूने सावकाश वर घेऊ द्या आणि तितकेच सावकाश खाली. चांगला खवाटा पाठीवर सरकत, थोडा फिरत जातो. दुखरी बाजू लवकर खांदा कानाकडे उचलते, किंवा खवाट्याची आतली कड पंखासारखी बाहेर येते. हात खाली येतानाची झटकी जास्त बोलकी असते. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने हात उचलला तरी तो जात नाही, सांधाच जखडलेला असतो. न जुळलेल्या मोडीत बऱ्याचदा दुसऱ्याने आधार देऊन हात उचलला तर बराच वर जातो, स्वतः उचलताना मात्र कळ येते. हा फरक लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

ऑपरेशननंतरचे व्यायाम प्रत्येकाचे वेगळे. कंगोऱ्याच्या ऑपरेशननंतर डेल्टॉइडला सहा आठवडे विश्रांती द्यावी लागते, कारण तो प्लेट बसवलेल्या जागेलाच ओढतो. पसरट भागाच्या किंवा वाटीच्या मानेच्या ऑपरेशननंतर पुष्कळदा दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या आधाराने पूर्ण हालचाल करवून घेतात, नाहीतर सांधा जखडतो. शेजाऱ्याचे व्यायाम बघून करू नका. कोपर, मनगट आणि बोटं मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी हलवायची. मुठीत कापडी चेंडू धरून दाबत राहायचं.

---

इंद्रायणीकाठ | ६ ऑगस्ट, दुपारी १२.४०

पाऊलवाट ताई, आईला असंच उभं करून पाहिलं. मी हात धरून उचलला तर कानापर्यंत गेला. तिने स्वतः उचलला तर छातीच्या वर नाही. आज तिच्या सर्जनची वेळ घेतली आहे, शुक्रवारची.

डॉक्टर, एक विचारू? सरांचं जसं झालं तसं आईचंही प्लेट घालून जुळवता येईल का? आणि आई रोज सकाळी मिश्री लावते. तीही तंबाखूच ना?

---

स्थिरहस्त | ६ ऑगस्ट, रात्री ९.५०

हो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातंच. पेशंट "मला कसलंही व्यसन नाही" म्हणतात आणि मिश्री मोजत नाहीत, म्हणून मी नाव घेऊन विचारतो: विडी, सिगारेट, पुडी, गुटखा, मिश्री, तपकीर. आईंना रागावू नका. चाळीस-पन्नास वर्षांची सवय आहे, समजावून सांगा.

ऑपरेशनबद्दल खरं तेच सांगतो. सरांचं हाड धडधाकट माणसाचं होतं, मोड आघाताची होती. रिव्हर्स सांध्यानंतरच्या तड्यात हाड मुळात ठिसूळ असतं आणि डेल्टॉइडची ओढ कायम राहते, त्यामुळे स्क्रू धरून ठेवत नाहीत, प्लेट सुटते, असं व्हायची भीती जास्त. म्हणून बहुतेक वेळा आधी उशी लावलेल्या झोळीत हात शरीरापासून थोडा दूर ठेवून सहा आठवडे किंवा जास्त विश्रांती देतात आणि सोबत हाडांच्या ठिसूळपणावर उपचार करतात. काहींचं जुळतं. काहींचं जुळत नाही, पण दुखणं सोसण्याजोगं होतं. ऑपरेशन हा पुढचा, विचारपूर्वक घ्यायचा निर्णय. तडा कंगोऱ्याच्या मुळाशी आहे की टोकाला, यावरही पुष्कळ अवलंबून असतं.

आणि पसरट भाग किंवा वाटीची मान जुळली नाही तर छेद कसा घेतात असं काल एकाने व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं, ते इथेच लिहितो. फ्रान्सच्या रॉबेर ज्युदे यांनी १९६४ मध्ये मांडलेला मार्ग आजही वापरतात. कंगोऱ्यावरून आडवा आणि खवाट्याच्या आतल्या कडेवरून खाली, असा कोयत्याच्या पात्यासारखा वळलेला छेद. पूर्वी इन्फ्रास्पायनेटस हा मागचा स्नायू सगळाच उचलून बाजूला करत. आता जमेल तिथे तो आणि त्याच्या खालचा टेरेस मायनर हा स्नायू यांच्या मधल्या फटीतून आत जातो, म्हणजे स्नायू कमी दुखावतो. प्लेटा जाड कडांवरच बसवायच्या, मधल्या पातळ हाडात स्क्रूला पकड नसते. सगळ्यात जपायची ती सुप्रास्कॅप्युलर नस. कंगोऱ्याच्या मुळाशी एका खाचेतून ती वळून खाली येते आणि ओढली गेली तर हात बाहेर वळवायची ताकद कमी होते. जुन्या मोडीत ती कधी कधी चिकटलेली असते, म्हणून हात आधीच कमजोर असेल तर ऑपरेशनआधी नसांची तपासणी करून घेतो. नाहीतर नंतर कळत नाही की कमजोरी आधीची की ऑपरेशनची.

---

सह्याद्रीतली | ७ ऑगस्ट, सकाळी ८.१५

माझं २०२१ मध्ये पसरट भागाचं हेच ऑपरेशन झालं (गडावरून उतरताना दरीत घसरले होते). हाड जुळलं, पण हात बाहेर वळवायची ताकद पूर्ण आली नाही. गाडीच्या मागच्या सीटवरची पिशवी घेता येत नाही. जखमेच्या एका टोकाला पाणी साचून पुन्हा टाके घ्यावे लागले. हे घाबरवायला लिहीत नाही. दुखण्याने रात्र रात्र जागत होते ती झोप परत मिळाली, मी पुन्हा तेच करेन. पण "सगळं पहिल्यासारखं होईल" या अपेक्षेने जाणाऱ्यांनी हेही वाचलेलं असावं.

---

खडूफळा | ७ ऑगस्ट, रात्री ८.००

सह्याद्रीतली, बरं केलंत लिहिलंत. मी माझ्या आनंदाच्या भरात ही बाजू कमी लिहिली.

---

इंद्रायणीकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ९.२५

आज सर्जनकडे जाऊन आलो. मी कागदावर लिहून नेलेला प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, स्वतः त्या कंगोऱ्यावर बोट ठेवून पाहिलं आणि लगेच सीटी करायला पाठवलं. तडा आहे, कंगोऱ्यातच, फारसा सरकलेला नाही. उशीची झोळी सहा आठवडे, हाडं मजबूत करायचं इंजेक्शन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. मग पुन्हा सीटी. ऑपरेशनचं त्यानंतर बघू म्हणाले.

आई सगळं ऐकून घेत होती. घरी आल्यावर तिने मिश्रीची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सहा आठवडे तुझ्याकडं ठेव." अंबाड्याची मात्र तिला फार काळजी लागली आहे. केस लांब आहेत आणि मला अंबाडा घालता येत नाही.

---

पाऊलवाट | ९ ऑगस्ट, रात्री ९.५०

आईंना पाठीची खुर्ची नको, स्टुलावर बसवा, झोळीची उशी तशीच राहू द्या, म्हणजे तुम्हाला मागे उभं राहायला जागा मिळते. आधी सैल वेणी घाला, तीच गुंडाळा आणि दोन आकडे खालून वर लावा. चौथ्या दिवशी जमेल. फणी मात्र त्यांच्या चांगल्या हातात द्या, पुढचे केस त्यांचे त्यांना विंचरू देत.